लेकरांच्या आकसलेल्या धमन्या: आधी सूज, मग फुगा

आमच्या लेकीच्या फाईलवर पहिल्यांदा 'टाकायासू आर्टरायटिस' लिहून आलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा, "एवढ्याशा पोरीला संधिवात कसला?" दुसऱ्या दिवशी आत्या तेलाची बाटली घेऊन दारात हजर. त्यांची तरी काय चूक, नावच तसं आहे, आणि ज्यांना दाखवायला सांगितलं ते डॉक्टरही ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सगळ्यांच्या लेखी संधिवाताचे डॉक्टर. तर हे आधी डोक्यातून काढा. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची सूज, आर्टरायटिस म्हणजे आर्टरीची, धमनीची सूज. बिघाड रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे, तिथे तेल पोचत नाही.

मी डॉक्टर नाही, आई आहे. चार वर्षं झाली, बडोदा-अहमदाबाद इतक्या फेऱ्या झाल्यात की एक्सप्रेस वेवरचे चहाचे ठिकाण पोरगी डोळे मिटून सांगते. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नवीन आया मला तेच तेच विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढते. कुठलं औषध आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवणार, मी आपल्या बाजूचं काम सांगणार आहे, ते पण थोडंथोडकं नसतं.

आधी आजार समजून घ्या

मिकितो टाकायासू हे जपानचे डोळ्यांचे डॉक्टर. १९०८ मध्ये त्यांनी एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या विचित्र गुंफलेल्या आहेत असं सांगितलं, आणि तिथेच बाकीचे डॉक्टर म्हणाले की आमच्याकडे पण असे पेशंट आहेत आणि त्यांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. म्हणून याला 'नाडी नसलेला आजार' पण म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या फायलींवर 'एऑर्टोआर्टरायटिस' लिहिलेलं असतं, तेही हेच.

होतं काय की शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीवर उलटते, भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि सूज जुनी झाली की तिथे कडक चट्टा पडून धमनी आकसून बसते. जपानमध्ये जास्त करून मानेकडे-हाताकडे जाणाऱ्या फांद्या धरल्या जातात, आपल्या देशात पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त. त्यामुळे आपल्या मुलांमध्ये हा आजार बरेचदा हाय बीपी म्हणूनच उघडा पडतो. किडनीकडे जाणारी धमनी चिंचोळी झाली की किडनीला वाटतं अंगातलं रक्तच कमी झालंय, ती बिचारी रेनिन नावाचा बीपी वाढवणारा स्राव सोडते, आणि सगळ्या अंगाचं बीपी वर चढतं. किडनी खोटं बोलत नाहीये, तिला मिळणारी बातमीच चुकीची आहे.

(कावासाकी नावाचा दुसरा एक आजार आहे, तोही जपानी नाव, तोही मुलांचा, तोही रक्तवाहिन्यांच्या सुजेचा, पण त्यात हृदयाच्या धमन्या फुगण्याची भीती असते, उपचार अगदी वेगळे. गूगलवर दोन्हींची खिचडी करू नका, मी केली होती आणि दोन रात्री झोपले नव्हते.)

आता ही एक गोष्ट समजली की पुढचं सगळं समजतं. आमचं जुनं घर आहे, दर पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल यायची, आणि सासरे दर दिवाळीला गिलावा करून रंग मारायचे, आणि दर पावसाळ्यात पोपडे. शेवटी गच्चीतली गळती बंद केली तेव्हा भिंत टिकली. सूज म्हणजे ओल, आकसलेली जागा म्हणजे पडलेला पोपडा. गोळ्या-इंजेक्शनं ओलीवर काम करतात, फुगा (आकसलेल्या जागेत नळीने फुगा नेऊन ती रुंद करणं), स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी), बायपास (अडलेल्या जागेला वळसा घालून नवी वाट) म्हणजे गिलावा. ओल चालू असताना गिलावा केला तर तो पडतो, म्हणजे उघडलेली धमनी परत बंद होण्याची शक्यता जास्त. "फुगा मारून मोकळे का होत नाही" असं प्रत्येक नातेवाईक विचारतो, त्यांना हे भिंतीचं सांगा, पटतं.

चारही हातापायांचं बीपी, आणि हे मी तीनदा सांगेन

आमचे सात-आठ महिने वाया गेले ते इथे. पोरीचं डोकं दुखायचं, चष्म्याचा नंबर काढून झाला. संध्याकाळी कसकस, वजन घटलेलं, म्हणून टीबीच्या तपासण्या. एका दवाखान्यात बीपी घेतलं डाव्या हाताला, आलं ९६, "एकदम नॉर्मल". महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी परत डावा हात, मशीन नुसतं एरर दाखवतंय, सिस्टर म्हणाल्या "बेन, मशीन बगडी गयुं छे," आणि पट्टा काढून ठेवला. मशीन धडधाकट होतं. डाव्या हाताकडे जाणारी धमनीच आकसलेली होती, तिथे रक्त पोचतच नव्हतं तर मशीन धरणार काय. शेवटी ज्या डॉक्टरांनी उजवा हात धरला तिथे १५२, पायात १६० च्या वर.

तर डावा हात नॉर्मल म्हणून आम्ही निवांत आणि आत मेंदू-हृदय-किडनी दीडशेचा मार खातायत. मोठ्या माणसाला १३० म्हणजे ठीकठाक वाटतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला १३० म्हणजे खूपच जास्त. मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावरून ठरवतात, ९५ पर्सेंटाईलच्या वर, म्हणजे तशाच शंभरातल्या ९५ मुलांपेक्षा वर गेलं की जास्त. डॉक्टरांना विचारा, "माझ्या मुलीचा आकडा किती, आणि कुठल्या हाताचा धरायचा?" आणि तो फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

घेताना काय बघायचं. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, बडबड बंद (हे सगळ्यात अवघड). पट्टा मुलाच्या मापाचा. आतल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के पाहिजे आणि लांबीने दंडाला जवळजवळ पूर्ण वेढा बसला पाहिजे. लहान पट्टा लावला की आकडा उगाच जास्त येतो, मोठा लावला की कमी. घरच्या मशीनबरोबर येतो तो मोठ्यांचा पट्टा असतो, मुलांचा वेगळा मागवावा लागतो, आम्हाला तो रावपुऱ्यात दोन दुकानं फिरून मिळाला. मशीन एकदा ओपीडीत घेऊन जा आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा.

पायाचं बीपी झोपवून घेतात. निरोगी मुलात ते हातापेक्षा थोडं जास्तच असतं, १०-२० ने. पायात हातापेक्षा कमी आलं तर वाटेत पोटात किंवा छातीत महाधमनी अरुंद आहे का ते बघतात. दोन हातांत १० पेक्षा जास्त फरक पडत असेल तर तेही सांगायचं. आणि दोन्ही हातांच्या धमन्या धरल्या असतील तर हाताचं बीपी भरवशाचं राहत नाही, मग पायावर जायचं, हे प्रत्येक नवीन ठिकाणी आपणच सांगायचं, कारण इमर्जन्सीत कोणी फाईल वाचत बसत नाही.

नाडी बघायला आपण पण शिकू शकतो. दोन्ही मनगटं एकाच वेळी धरायची, एकीकडे ठोका लागतो आणि दुसरीकडे नाही किंवा पुसट आहे का, पायाच्या पंजावर वरच्या बाजूला लागतो का. मी दर रविवारी बघते. लेक म्हणते आई नाडीवाली वैदीण झाली.

तपासण्या, थोडक्यात

निदान पक्कं होतं ते अँजिओग्राफीवर, म्हणजे धमन्यांच्या स्कॅनवर, मग ती सीटीची असो की एमआरची. फक्त रक्त तपासून हा आजार ठरत नाही. एमआरमध्ये रेडिएशन नाही पण मुलाला बराच वेळ हलता येत नाही, लहानांना झोपेचं औषध द्यावं लागतं. सीटी पटकन होते पण रेडिएशन आणि डाय (शिरेतून द्यायचं रंगाचं औषध), किडनी आधीच नाजूक असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाची रक्ततपासणी, बघून घ्यायला सांगा. डॉपलर सोनोग्राफी स्वस्त, वारंवार करता येते, पण करणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे, त्यामुळे शक्यतो एकाच ठिकाणी एकाच माणसाकडे करा म्हणजे मागचं-पुढचं जुळतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतातच, कारण बीपीचा ताण हृदयावर येतो, काही मुलं तर हृदय थकलं म्हणूनच पहिल्यांदा दवाखान्यात येतात.

ईएसआर-सीआरपी, म्हणजे सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, त्यांच्याबद्दल एक लक्षात ठेवा. ते वाढलेलं असेल तर सूज आहे असं धरतात, पण ते नॉर्मल असताना पण धमनीच्या भिंतीत सूज चालू राहू शकते. म्हणून डॉक्टर नुसत्या ईएसआरवर जात नाहीत, लक्षणं, नाड्या, बीपी, स्कॅन सगळं एकत्र बघतात. भारतातल्याच डॉक्टरांनी मिळून यासाठी आयटास नावाचा स्कोअर बनवलाय, २०१० चा, त्यात जास्त भर हृदय आणि रक्तवाहिन्यांवर आहे. फाईलवर 'आयटास' आणि पुढे आकडा दिसला तर घाबरू नका, तो हाच.

ओल थांबवायची औषधं

सुरुवात बहुतेक स्टिरॉईडने. प्रेडनिसोलोन, वजनाच्या हिशेबाने, सुरुवातीला साधारण किलोमागे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम, मग हळूहळू कमी. आजार जोरात असेल तर आधी तीन दिवस सलाईनमधून मोठा डोस देतात. स्टिरॉईड नाव ऐकून घरात रडारड होते, पण पहिल्या महिन्यात पोरीची कसकस गेली, ती जिना चढायला लागली, हे त्याच गोळीनं झालं. तोंड गोल होतं, भूक राक्षसासारखी लागते, चिडचिड, पुरळ, उंची वाढायचा वेग मंदावतो, डोळे-हाडं-साखर बघत राहावं लागतं. म्हणूनच सोबत दुसरं औषध लावतात, म्हणजे स्टिरॉईड लवकर खाली आणता यावं.

स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायचं नाही. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि अचानक तोडलं तर मूल कोसळू शकतं. उलट्या होतायत आणि गोळी पोटात टिकत नाहीये, तर "उद्या देऊ" नाही, त्याच दिवशी फोन. मोठा ताप, ऑपरेशन, अशा वेळी डोस वाढवावा लागतो, ते आधीच विचारून लिहून ठेवा.

दुसरं औषध बहुतेक मेथोट्रेक्सेट. हे आठवड्यातून एकदाच. परत वाचा, आठवड्यातून एकदा. रोज घेतलं तर जिवावर बेततं, रक्ताच्या पेशी कोसळतात, तोंडात फोड येतात. आमच्याकडे वार ठरलाय शनिवार, कॅलेंडरवर लाल गोल, आणि ती पट्टी बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतच नाही, देवघराच्या वरच्या फळीवर वेगळी. आजी-आजोबा गोळ्या देत असतील तर हे करायलाच पाहिजे. फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील त्या वारी. रक्त, लिव्हर, क्रिएटिनिन सांगितलेल्या अंतराने. मळमळते खूप, रात्री जेवून दिली की झोपेत निघून जातं, निदान आमच्याकडे तरी.

कोणाला अॅझाथायोप्रिन, कोणाला मायकोफेनोलेट, फार गंभीर असेल तर सायक्लोफॉस्फामाइड. यातली काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात, म्हणून मुलगी मोठी होत असेल तर डॉक्टर तो विषय काढतात, लाजून उडवून लावू नका. आणि एवढ्याने सूज बसत नसेल तर बायोलॉजिक, म्हणजे सुजेच्या ठराविक रसायनाला अडवणारी इंजेक्शनं, टोसिलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब. टोसिलिझुमॅबची एक गंमत (गंमत कसली, डोकेदुखी) अशी की ते सीआरपी थेट खाली दाबतं, म्हणजे आजार चालू असला तरी रिपोर्ट छान येतो. रिपोर्ट बघून पेढे वाटू नका, नाड्या आणि स्कॅन बघा.

बायोलॉजिकच्या आधी टीबी तपासतात, मांटू टेस्ट, छातीचा एक्सरे. आपल्याकडे हे टाळून चालतच नाही. आणि टीबीचं औषध चालू झालंच तर त्यातलं रिफाम्पिसिन स्टिरॉईडचा असर कमी करतं, त्यामुळे दोन डॉक्टर वेगवेगळे असतील तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायचं काम आपलं. लसी: ही औषधं चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे एमएमआर, कांजिण्यांची, विचारल्याशिवाय नाही. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या इंजेक्शनच्या लसी चालतात आणि घ्याव्यात. शेजारच्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि आपलं मूल त्याच्याशी खेळून आलंय, तर फोड यायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

बीपीच्या गोळ्यांबद्दल एकच मोठी गोष्ट. अम्लोडिपिन, लॅबेटॅलॉल, प्रॅझोसिन, काय काय असतं. पण नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं ती औषधं (एनालाप्रिल, लोसार्टन वगैरे), दोन्ही किडन्यांच्या धमन्या आकसलेल्या असतील किंवा चालणारी किडनी एकच असेल तर धोक्याची, किडनीचं काम एकदम बसू शकतं आणि पोटॅशियम चढतं. एकाच बाजूची धमनी असेल तर डॉक्टर कधीकधी देतात पण क्रिएटिनिन बघत बघत. कोणी फॅमिली डॉक्टरने चांगल्या मनाने बदलून दिलं तर विचारायचं, "साहेब, किडनीच्या धमन्या बघितल्यात ना?" वाईट वाटलं तर वाटू दे.

लहान डोसची अॅस्पिरिन पण बऱ्याच मुलांना असते. तिच्यासोबत फ्लू किंवा कांजिण्या आल्या तर राय सिंड्रोम नावाची लिव्हर-मेंदूची भानगड होऊ शकते, म्हणून तेव्हा पण फोन.

फुगा कधी

प्रत्येक आकसलेली जागा उघडायची नसते, हे पचायला मला वर्ष लागलं. शरीर आजूबाजूने छोट्या वाटा काढतं, गल्लीबोळातून रक्त पोचवतं, मांडवीला ट्रॅफिक अडला की आपण नाही का पोळांतून निघत, तसं. आमच्या पोरीचा डावा हात अजून तसाच आहे, नाडी पुसट, पण हात दुखत नाही, दप्तर उचलते, म्हणून कोणी हात लावला नाही.

उघडायचा विचार होतो तो बीपी तीन-चार औषधं देऊनही आटोक्यात येत नाही आणि किडनीची धमनी किंवा महाधमनी अरुंद आहे तेव्हा, किडनी सुकत चालली असेल, हृदय थकत असेल, मेंदूकडचं रक्त कमी पडत असेल, चालताना पाय भरून येऊन थांबावं लागत असेल तेव्हा. आणि शक्यतो सूज बसल्यावर. जीव धोक्यात असेल तर सूज असताना पण करतात, स्टिरॉईडच्या छत्राखाली. पण "तारीख मोकळी आहे, पुढच्या आठवड्यात करून टाकू" असं कोणी म्हणालं तर दोन प्रश्न विचारा: सूज आत्ता बसलीये हे कशावरून, आणि हे ठरवताना ऱ्हुमॅटॉलॉजीचे डॉक्टर होते का. जिथे दोघं एकत्र बसून ठरवतात तिथे जा.

करतात कसं तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून, अरुंद जागेत फुगा नेऊन फुगवतात. फुगवायच्या आधी आणि नंतर त्या जागेच्या अलीकडचं-पलीकडचं प्रेशर मोजतात, फरक किती उरला ते बघतात, हा आकडा डिस्चार्ज कागदावर लिहून मागा, पुढे तुलनेला कामाला येतो. या आजारातली धमनी वयस्क माणसांच्या चरबीवाल्या धमनीसारखी नसते, चिवट असते, चामड्यासारखी, जास्त दाबाने आणि जास्त वेळा फुगवावं लागतं, म्हणून ज्यांनी मुलांच्या या केसेस केल्यात अशांकडेच. शंभर टक्के उघडली नाही तरी नाराज होऊ नका, प्रेशरचा फरक गेला म्हणजे बरंच काम झालं.

स्टेंट मुलांत जपून. कारण साधं, मूल वाढतं, धमनी वाढते, स्टेंट तेवढाच राहतो. फुग्याने धमनी लगेच परत मिटत असेल किंवा आतली भिंत फाटली असेल तर घालावाच लागतो. बायपास, पॅच लावून महाधमनी रुंद करणं, किडनी काढून दुसऱ्या जागी जोडणं अशी मोठी ऑपरेशनं पण आहेत, बीपी औषधांवर आटोक्यात राहत असेल तर मूल जरा मोठं होईपर्यंत थांबतात, म्हणजे नळी मोठ्या मापाची बसवता येते.

फुग्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा! आम्ही मोबाईल दिला, सरळ शरण गेलो. जिथून नळी घातली तिथे सूज, रक्त, किंवा पाय थंड-पांढरा पडला तर लगेच सिस्टरना हाक. आणि एक गोष्ट आम्हाला कोणी नीट सांगितली नव्हती: किडनीची धमनी उघडली की बीपी भराभर उतरू शकतं आणि जुन्या गोळ्या जड होतात. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोरगी उठताना चक्कर येऊन पलंगावर बसली, बीपी ८८, फोन केला, एक गोळी बंद झाली. तेव्हा पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा मोजा.

परत आकसू शकते. आमची दीड वर्षाने आकसली, कळलं कशावरून तर वहीवरून, आकडे ११० चे ११८, ११८ चे १२६ असे चढत गेले, तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. दुसऱ्यांदा फुगा झाला, आता ठीक आहे. वही लिहा. अॅप नको, वहीच, डॉक्टर पानं उलटतात आणि त्यांच्या नजरेला पटकन दिसतं.

घरचं

मीठ. बडोद्यात राहून मीठ कमी करणं म्हणजे काय ते बडोदेकरांनाच कळेल. सेव उसळ, लीलो चेवडो, खाखरे, पापड, लोणचं, आणि स्टिरॉईडने पोरगी दर दोन तासाला भुकेली. फाफड्यात, पापडात पापडखार असतो, तोही सोडियमच, "यात मीठ कमी घातलंय" वर जाऊ नका. आम्ही घरी पोह्यांचा चिवडा अर्ध्या मिठात करतो, लिंबू-जिरं-मिरपूड जास्त. आणि बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं ते विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी कच्ची असेल किंवा 'प्रिल' चालू असेल तर ते नडतं.

सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं बीपी वाढवतात, आयब्रुफेन किडनीला त्रास देतं आणि बीपी पण वाढवतं. ताप आला तर पॅरासिटामॉल, आणि ताप का आलाय ते बघून घ्यायचं कारण प्रतिकारशक्ती दाबलेली आहे.

नवरात्रात मोठी पंचाईत. गरब्याला नाही म्हटलं तर घरात गणपती विसर्जनापेक्षा जास्त रडारड. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बीपी आटोक्यात आहे तर खेळू दे, दमली की बसायचं, पाणी प्यायचं. खेळायला पूर्ण बंदी सगळ्यांना नसते, बीपी, हृदय, महाधमनी कशी आहे त्यावर असतं, म्हणून प्रत्येक खेळाचं नाव घेऊन विचारा. सायकल? हो. कबड्डी? आमच्याकडे नाही.

ही लक्षणं आली तर १०८, ओपीडीच्या तारखेची वाट नाही: प्रचंड डोकेदुखी आणि उलट्या, दिसायला अंधुक, झटका, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा, छातीत दुखणं, दम लागून झोपता न येणं, बेशुद्धी. जेवल्यावर दर वेळी पोटात कळ येते हे पण सांगा, आतड्याच्या धमन्या धरल्या असतील तर तसं होतं, आम्ही तिला नाटक करतेस म्हणून ओरडलो होतो एकदा.

पैशाचं. पीएमजेएवाय-मा कार्ड, म्हणजे सरकारी आयुष्मान योजनेचं कार्ड, असेल तर गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ते अॅडमिट होऊन केलेल्या उपचारांचं, महिन्याच्या गोळ्यांचं नाही, आणि बायोलॉजिक इंजेक्शनं त्यात बसतात का ते अॅडमिट व्हायच्या आधी आयुष्मान काउंटरवर विचारून घ्या, नंतर नाही. शाळेत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) टीम येते त्यांच्याकडूनही मुलांना पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळू शकते. सयाजी हॉस्पिटल आपलं गावातलं सरकारी, हृदयाच्या मोठ्या कामाला अहमदाबादला यू. एन. मेहता, सिव्हिलच्याच आवारात आहे, किडनीची संस्था पण तिथेच, त्यामुळे एका फेरीत दोन कामं होतात. बीपीच्या साध्या गोळ्या जन औषधीत बऱ्याच स्वस्त पडतात.

फाईलमध्ये वरच्या पानावर: आजाराचं नाव, कुठल्या धमन्या धरल्यात, बीपी कुठल्या हाताचं घ्यायचं, चालू औषधं डोससकट, कुठली औषधं द्यायची नाहीत, स्टिरॉईड चालू आहे ही सूचना. स्कॅनची सीडी, नुसता रिपोर्ट नाही, कारण पुढच्या डॉक्टरांना चित्र बघायचं असतं.

शाळेच्या दप्तरात लेकीने स्वतः बनवलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. वर लिहिलंय, डाव्या हाताचं बीपी धरू नये. खाली बारीक अक्षरात तिने स्वतःच्या मनाने घातलंय, मशीन बिघडलेलं नाही.